निवळलेलं पाणी

सूर्यकांतला पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दुर्ग-भिलाईच्या रस्त्यावर स्वतःच्या बंगल्यामागे पोहण्याचा तलाव बांधण्याचं खूळ ज्याच्या डोक्यात शिरलं तो हाच गृहस्थ, आणि तलाव बांधून झाल्यावरही तो त्यात कमरेच्या वर कधी गेला नाही. घराणं दुर्गातलं जुनं, कचेरीतलं. याला मात्र गिट्टी-रेतीचा ठेका लाभला. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली, टाउनशिपचे एकामागून एक सेक्टर उभे राहू लागले, आणि गिट्टीवाल्यांचे दिवस पालटले. मजुरांच्या कॅम्पात टँकरनं पाणी पोचवण्याचं कामही त्याच्याकडेच आलं. सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले रशियन इंजिनियर बायकापोरांसकट शिवनाथ नदीवर डुंबायला जातात हे त्यानं पाहिलं आणि ठरवलं, आपल्याच परसात पाणी असलं तर ही माणसं आपल्या दारी येतील. माणसं दारी आली की कामं दारी येतात, एवढा हिशेब त्याला कळत होता.

घरातले त्या तलावाला 'टाकं' म्हणत. सूर्यकांतला ते आवडत नसे. "स्विमिंग पूल म्हणा," असं तो बायकोला, गीताला, दोनदा सांगून थकला. त्याची आई वच्छलाबाई तर सरळ म्हणे, "प्यायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, तुळशीला घालायचं नाही. मग पाणी साठवलंय तरी कशाला?"

एप्रिल लागला आणि टाक्यानं आपला रंग दाखवला. आधी भिंतींना हिरवट बुळबुळीत थर धरला. मग पाणीच हिरवं झालं, घट्ट, वरणावर कोथिंबीर जास्त पडावी तसं. बेडूक आले. वास सुटला. आणि नेमकं त्याच आठवड्यात सूर्यकांतनं रविवारच्या फराळाला एका रशियन जोडप्याला आणि कृष्णरावांना बोलावून ठेवलं होतं. कृष्णराव म्हणजे टाउनशिपच्या पाण्याच्या फिल्टर हाउसचे मुख्य. मूळचे रायपूरचे, गप्पिष्ट, आणि पोहण्याचे भारी शौकीन.

टाकं रिकामं करून पुन्हा भरावं, तर पाणी कुठलं आणायचं? नदी आटलेली. कॅम्पात बाया पहाटेपासून रांगेत गुंड-घागरी ठेवून टँकरची वाट पाहत. तेव्हा सूर्यकांतनं देवीदासला बोलावलं.

देवीदास गजभिये कॅम्पातल्या पंपावर कामाला होता. आधी नागपूरकडे एका पाण्याच्या टाकीवर त्यानं काही वर्षं काढली होती, म्हणून पाण्यातल्या चार गोष्टी त्याला कळत. सडपातळ, कमी बोलणारा, आणि कामात हात घातला की जेवायचं विसरणारा. सूर्यकांतच्या ठेक्यावरचा होता, म्हणजे आज आहे, उद्या नाही. पक्की नोकरी मिळावी, क्वार्टर मिळावं, बायको सत्यशीलेची रांगेतून सुटका व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

टाक्याच्या काठावर उकिडवं बसून त्यानं हिरव्या पाण्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"होईन जी," तो म्हणाला. "पानी फेकाचं काम नाही. हेच निवळते."

"रविवारच्या आत?"

"तुमी मधात कोनाले ढवळू देऊ नका, बस."

सूर्यकांतचा जीव भांड्यात पडला. माणूस खूश झाला की उदार होतो. तो म्हणाला, "देवीदास, कृष्णरावांना फिल्टर हाउसला पक्का माणूस हवाय. मला विचारत होते, तुमच्याकडे कुणी भरवशाचा आहे का म्हणून. हे पाणी निवळून दाखव. रविवारी याच काठावर उभा राहून तुझं नाव सांगतो. सत्यशीलेलाही घेऊन ये, बघू दे तिला नवऱ्याचं काम."

देवीदास हसला नाही, पण त्यानं बाह्या तिथल्या तिथे वर सारल्या.

कामाला तो असा भिडला की गीता खिडकीतून बघत राही. काथ्याचा ब्रश घेऊन त्यानं भिंती घासल्या, हात पोचेना तिथं चड्डीवर पाण्यात उतरून घासल्या. जुन्या धोतराचं कापड दोन काठ्यांना बांधून वरचं शेवाळ ओढून काढलं. उरलंसुरलं शेवाळ मरावं म्हणून मोरचुदाची पुरचुंडी दोरीला बांधून पाण्यातून फिरवली. मग बादलीत तुरटी विरघळवून सगळीकडे शिंपडली, पाणी एकदा हळूच हलवलं, आणि घरात येऊन सांगून गेला, "आता कोनी शिवाचं नाही. पान्याले झोपू द्या."

या कामाच्या दिवसांत एकदा वच्छलाबाईंनी त्याला मागच्या ओसरीवरून विचारलं होतं, "काय रे, आडनाव काय तुझं?"

"गजभिये, माय."

"म्हणजे?"

"म्हनजे आमी बौद्ध झालो जी. नागपूरले, छप्पन साली. मी बी होतो थ्या मैदानात." हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला. एरवी कुजबुजल्यासारखा बोलणारा माणूस, पण हे त्यानं पार टाक्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं.

वच्छलाबाईंनी "बरं" म्हटलं आणि सूप उचलून त्या आत गेल्या. सूर्यकांत तिथंच होता. आईच्या त्या "बरं"चा अर्थ त्याला चांगला ठाऊक होता. त्याला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि साइटवर निघून गेला.

शनिवारी सकाळी पाणी निवळलं. सगळा गढूळपणा खाली बसून तळाशी राखाडी साय धरली होती. देवीदासनं रबरी नळीचं एक टोक तळाशी सोडलं, दुसरं उताराकडे नेऊन तोंडात धरलं, जोरानं ओढलं, आणि गाळ भळाभळा नाल्याकडे वाहू लागला. तोंडात आलेलं पाणी त्यानं थुंकून टाकलं आणि नळी तळभर फिरवत बसला. नंतर ब्लीचिंग पावडर टाकून, ब्रश धुऊन, उन्हं डोक्यावर यायच्या आत तो मोकळा झाला.

सूर्यकांत काठावर आला आणि बघतच राहिला. पोरांनी केव्हातरी टाकलेला चमचा तळाशी स्वच्छ दिसत होता. सिमेंटचा जोडन् जोड दिसत होता. त्याला खरोखर आनंद झाला. देवीदासच्या पाठीवर थाप मारावी असं वाटलं, हातही उचलला, आणि का कोण जाणे, तो हात त्यानं परत खिशात घातला.

"उद्या आनतो मंग घरवालीले," देवीदास म्हणाला.

"आण. मागच्या फाटकानं ये."

तो गेला आणि वच्छलाबाई ओसरीवर आल्या.

"सूर्या, त्या पाण्यात माझी नातवंडं उतरायची नाहीत."

"का? बघ तरी किती स्वच्छ आहे."

"स्वच्छ असेल. दिवसभर तो त्यात डुंबत होता. नळीला तोंड लावलं त्यानं, मी बघितलं. आणि उद्या कृष्णराव येणार, चांगल्या घरातला माणूस. त्यांना असल्या पाण्यात उतरवणार तू? कळलं तर काय म्हणतील?"

"आई, कोणत्या काळात आहेस?"

"मी माझ्या काळात आहे. तू तुझ्या काळात राहा. मी उद्या मुलांना घेऊन दुर्गाला जाते. विचारलं कुणी, तर कारण सांगेन."

आता इथं एखाद्यानं म्हटलं असतं, जा. सूर्यकांत घरात गेला, बायकोशी बोलला. गीता म्हणाली, "तुम्हाला जे खरं वाटतं ते करा." त्याला खरं काय वाटत होतं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेच करायला तो धजत नव्हता. चारचौघांत तमाशा नको, आईचं वय झालं, उद्या पाहुणे, एवढी कारणं त्यानं भराभर गोळा केली. भित्र्या माणसाला कारणांचा तोटा कधीच पडत नाही. गड्याला सांगितलं तर गावभर होईल म्हणून त्यानं स्वतःच बाही वर करून नाल्याकडच्या मोरीत हात घातला आणि टाक्याचं बूच उपसलं. ते निवळशंख पाणी घळाघळा नाल्यात गेलं. ते जाताना बघवेना म्हणून तो पाठ फिरवून उभा राहिला, पण आवाज येतच होता.

मग त्यानं ड्रायव्हरला निरोप धाडला. कॅम्पाकडे निघालेले टँकर संध्याकाळी बंगल्याकडे वळले आणि शिवनाथेचं तळातलं, मातकट पाणी टाक्यात ओतून गेले. वच्छलाबाईंनी वरून तांब्याभर गंगाजल शिंपडलं. गढूळ पाण्याचं त्यांना काही वाटलं नाही.

रविवारी पाहुणे आले. रशियन साहेबानं पाण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि तरी उडी मारली. कृष्णरावही उतरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या छातीवरच्या केसांत माती अडकली होती. टॉवेलनं पुसत ते म्हणाले, "काय हो, तुम्ही म्हणत होता ना, तुमचा कुणी माणूस पाणी निवळून देणार आहे? हेच का ते? अहो, असल्या माणसाला फिल्टर हाउसला घेतलं तर सगळी टाउनशिप चहाऐवजी चिखल पिईल!"

सगळे हसले. सूर्यकांतही हसला. मोठ्यानं हसला.

आणि तेव्हाच त्याला मागच्या फाटकाशी देवीदास दिसला. धुतलेला सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. मागे सत्यशीला, निळ्या काठाच्या पांढऱ्या पातळात. सूर्यकांत लगबगीनं तिकडे गेला आणि फाटक अर्धवट धरून उभा राहिला, म्हणजे त्यांना आत यायचा रस्ताच उरला नाही.

देवीदास त्याच्या खांद्यावरून टाक्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरून गेलं.

"साहेब, पानी फिरलं का जी?"

एवढा सोपा प्रश्न. आणि किती सोपं उत्तर पुढ्यात आलेलं. सूर्यकांतनं ते उचललं.

"हो रे. फिरलं."

"असं कसं झालं? काल तं..." देवीदास अडखळला. "तुरटी कमी पडली असन. का मी तळ नीट नाही काढला."

"असेल. होतं असं कधीकधी. तू मनाला लावून घेऊ नकोस." सूर्यकांतचा आवाज मायाळू झाला होता. स्वतःचा तो आवाज ऐकून त्याला स्वतःचीच किळस आली.

सत्यशीला नवऱ्याला म्हणाली, "चला. काल टँकर बी नाही आला कॅम्पात. घरी पानी नाही, लवकर जाऊन नंबर लावा लागन." बोलता बोलता तिनं सूर्यकांतकडे एकदा पाहिलं. त्यानं तोंड चुकवलं.

त्या आठवड्यात सूर्यकांतनं स्वतःची समजूत घालण्याचा सपाटा लावला. खरं सांगून त्या बिचाऱ्याला दुखवण्यापेक्षा हे बरं. काम बिघडलं एवढंच त्याला वाटेल, काम कुणाचंही बिघडतं. खरं कळलं तर जिव्हारी लागेल. नोकरीचं पुढच्या वर्षी बघू. असं रोज सकाळी दाढी करताना तो स्वतःला सांगे, आणि रोज गाल कापून घेई.

मग देवीदास आपणहून बंगल्यावर आला. वच्छलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सूर्यकांत खुर्चीवर होता. देवीदास पायरीखाली उभा राहिला.

"साहेब, एक सांगाचं होतं. फिल्टरले माझं नाव नका देऊ जी."

"का रे?"

"तिथं साऱ्या लोकाइचं पेयाचं पानी हाय. लेकराबाळाइचं. एवढुशा टाक्यातलं पानी मले सांभाळता नाही आलं." तो खाली बघून बोलत होता. "रातभर इचार केला मी. कुठं चुकलो ते बी समजून नाही राहिलं. माझ्या हातानं पानी नासलं, एवढं खरं. पंपावर बरा हाय मी."

माझ्या हातानं पानी नासलं.

वच्छलाबाईंचा तांदळातला हात थांबला. सूर्यकांतला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. पिढ्यान्‌पिढ्या या माणसाच्या बापजाद्यांना जे सांगितलं गेलं, आणि ज्याला लाथ मारून हा मैदानातून ताठ मानेनं परत आला, तेच आज याच्या तोंडून, याच्याच आवाजात, आपण वदवून घेतलं. आईनं नाही. आई निदान जे वाटलं ते बोलली तरी. आपण गोड बोलून केलं.

"पाणी नासलं नव्हतं, देवीदास," तो म्हणाला.

"जी?"

"तुझं पाणी स्वच्छ होतं. रविवारी होतं ते दुसरं. टँकरचं."

देवीदासनं मान वर केली. आधी त्याचा चेहरा उजळला, खरंच उजळला, काम चुकलं नव्हतं म्हणून. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "मंग माह्यं पानी सोडलं कावून?"

सूर्यकांतची नजर आईकडे वळली. देवीदासनंही तिकडे पाहिलं. वच्छलाबाई ताटात डोळे घालून बसल्या होत्या, हात हलत नव्हता. तेवढं त्याला पुरलं. चेहऱ्यावरचा उजेड गेला आणि तिथं काहीच राहिलं नाही, रागसुद्धा नाही. राग दिसला असता तर सूर्यकांतला जरा हलकं वाटलं असतं.

"कॅम्पाचे टँकर," देवीदास म्हणाला. "तुमच्याच इकडं आले होते तं."

"देवीदास, मी चुकलो. मी आजच तुझं नाव—"

"मले सांगून काय उपेग जी? मी तं घासलं होतं, मले मालूम होतं." आता तो कुजबुजत नव्हता. "ज्याइच्यासंगं हासत होते तुमी, त्याइले सांगा."

तो वळला आणि गेला. "येतो" म्हणाला नाही.

सूर्यकांत दुसऱ्या दिवशी फिल्टर हाउसला गेला. रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली होती, पण कृष्णरावांच्या टेबलापुढे बसल्यावर ती सगळी पळाली आणि नुसतं खरं तेवढं उरलं. "त्या माणसानं पाणी निवळलं होतं. तळाचा चमचा दिसत होता. तो बौद्ध आहे, पाण्यात उतरला होता, म्हणून आम्ही ते सोडून दिलं. बूच मी काढलं. तुम्ही हसलात तेव्हा मी गप्प राहिलो."

त्याला वाटलं होतं, कृष्णराव फाडफाड बोलतील. त्यानं त्याची तयारी ठेवली होती, मनातून त्याला ते हवंच होतं. कृष्णराव खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "अहो, एवढंच ना? मनाला लावून घेऊ नका. जुनी माणसं आहेत, आमच्याही घरी तेच. मी समजू शकतो." आणि लगेच कामाच्या आवाजात, "माणूस चांगला आहे म्हणता ना? मग घेतो मी त्याला. पहिल्या तारखेला पाठवा."

त्यांनी चहा मागवला. सूर्यकांतनं कप तसाच ठेवला. ज्याचा काडीचाही अपराध केला नव्हता त्यानं खांद्यावर हात ठेवून माफ करून टाकलं होतं, आणि ते किती सहज झालं. मनाला लावून घेऊ नकोस, हेच शब्द सूर्यकांतनंही त्या रविवारी फाटकाशी वापरले होते.

निदान नोकरीची बातमी आपण स्वतः द्यावी म्हणून तो तसाच कॅम्पात गेला. एप्रिलअखेरची दुपार, जीप झाडाखाली सोडून चालत जावं लागलं. टीन आणि तट्ट्यांच्या खोल्यांच्या ओळी, प्रत्येक दाराशी रिकामे गुंड उपडे घातलेले. या कॅम्पाला तो पाणी पुरवत असे, पण आत असा चालत कधी आला नव्हता.

देवीदास दारातच होता. त्यानं आत बोलावलं, खाटेवरची गोधडी सारून जागा केली. सूर्यकांतनं सांगितलं, कृष्णरावांना सगळं बोललो, पहिल्या तारखेला रुजू हो, पक्की नोकरी, पुढे क्वार्टर. देवीदासनं ऐकून घेतलं.

"सगळं सांगितलं?"

"सगळं."

"बरं केलं," देवीदास म्हणाला. "जातो मी. काम येते मले, म्हनून जातो." आभार त्यानं मानले नाहीत, आणि सूर्यकांतची ते मागायची हिंमत नव्हती.

उन्हानं सूर्यकांतच्या घशाला कोरड पडली होती. कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ होता, वर झाकण, झाकणावर पेला उपडा. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही रीत सगळ्यांचीच. देवीदासही त्या रीतीनंच वाढलेला. त्यानं चुलीशी बसलेल्या बायकोला हाक दिली, "सत्यशीला, साहेबाले पानी दे."

सत्यशीला उठली नाही. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, घरातली गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली, "लई दुरून आनलं हाय मी. फेकाले नाही."

देवीदासनं बायकोला दटावलं नाही. मी पितो, असं म्हणावंसं सूर्यकांतला वाटलं, पण तहान लागलेली असूनही ते पाणी मागायला त्याला तोंड उरलं नव्हतं. तो उठला, नमस्कार केला, आणि उन्हातून जीपकडे चालू लागला.